प्रसूतीच्या खोलीचा उंबरठा

जुन्या धर्मग्रामात बदलून गेले की नव्या धर्मगुरूच्या हाती प्रथम किल्ल्यांचा जुडगा येतो आणि मग नोंदवह्या. किल्ल्यांची ओळख एका दिवसात होते. नोंदवह्यांची व्हायला मात्र एखादा पावसाळा जावा लागतो. संध्याकाळची प्रार्थना आटोपली की बाहेर पाऊस कोसळत असताना या वह्या चाळण्याची मला जुनी सवय आहे. स्नानसंस्काराच्या वहीची पिवळी पडलेली पाने उलटताना काही नोंदींच्या समासात बारीक अक्षरांतला एक लॅटिन शेरा दृष्टीस पडतो. ‘मरणाच्या धोक्यात, सुइणीच्या हातून’ असा त्याचा अर्थ.

त्या एका ओळीमागे केवढी रात्र उभी असते! कळा देऊन थकलेली आई, निळे पडलेले आणि न रडणारे बाळ, धर्मगुरूचे निवासस्थान दोन कोस दूर, मध्ये भरलेली खाडी. अशा वेळी सुईण हाताशी असलेले पाणी बाळाच्या कपाळावर ओते आणि त्रैक्याच्या नावाने त्याला ख्रिस्तसभेत घेई. बाळ जगले तर पुढे देवळात उरलेले विधी होत. नाही जगले, तर तेच नाव चार-आठ दिवसांच्या आत दफनाच्या वहीत सापडते. संस्कार देणाऱ्याचे नाव नोंदविणे नियमाने आवश्यक असले तरी आमच्या पूर्वसूरींनी पुष्कळ ठिकाणी नुसते ‘सुईण’ एवढेच लिहून पुढची ओळ घेतली आहे. पवित्र शास्त्र याबाबत अधिक न्यायी आहे. निर्गमाच्या पहिल्या अध्यायात फारोचे नाव दिलेले नाही. त्याची आज्ञा न मानणाऱ्या दोन सुइणींची, शिफ्रा व पुवा यांची नावे मात्र आवर्जून दिली आहेत.

सुइणीवरचा हा विश्वास केवळ रूढीचा नव्हता, तो कायद्याचा होता. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या कायदासंहितेतील ७४३ व्या कलमाने धर्मग्रामाच्या धर्मगुरूवर एक जबाबदारी टाकली होती. निकडीच्या प्रसंगी स्नानसंस्कार कसा द्यावा हे सर्व भाविकांना, विशेषेकरून सुइणी, डॉक्टर आणि शल्यवैद्य यांना नीट शिकविले गेले आहे की नाही, हे त्याने पाहायचे. यादीत सुईण पहिली आहे, डॉक्टर नंतर. ती बाई ख्रिस्ती असलीच पाहिजे असेही नाही. ख्रिस्तसभेचा जो हेतू आहे तोच मनात धरून तिने पाणी ओतले आणि शब्द उच्चारले की संस्कार खरा. लिहिता-वाचता न येणाऱ्या एका बाईच्या हाती सात संस्कारांतला पहिला संस्कार सोपवायला ख्रिस्तसभा कचरली नाही.

आता याच संहितेची दुसरी बाजू पाहू. तिच्या १३९ व्या कलमानुसार रोमच्या खास परवानगीवाचून धर्मगुरूंना वैद्यकी करण्यास मनाई होती, आणि ५९२ व्या कलमाने धर्मगुरूंची बंधने व्रतस्थांनाही लागू केली होती. त्याआधी, १९०१ साली, नव्या धर्मसंस्थांना मान्यता देण्यासाठी रोमने जी नियमावली काढली तिच्यात व्रतस्थ स्त्रियांनी बाळंतिणींची शुश्रूषा पत्करणे अनुचित मानले होते. म्हणजे सिस्टरांनी कुष्ठरोग्याच्या जखमा धुवाव्यात, पटकीच्या साथीत प्राण धोक्यात घालावा, मरणाऱ्याच्या उशाशी रात्रभर बसावे. पण प्रसूतीच्या खोलीच्या उंबरठ्याशी मात्र त्यांनी थांबावे.

सेमिनरीत कायद्याच्या तासाला हा विषय आम्ही पाच मिनिटांत संपविला होता. १९८३ च्या नव्या संहितेत वैद्यकीवरील ते बंधन उरलेले नाही, तेव्हा परीक्षेत प्रश्न येणार नाही, एवढ्यावर आमचे समाधान झाले होते. कारणे शोधायला गेले तर ती थेट १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेपर्यंत जातात. डाग देणे आणि कापणे ज्या शस्त्रक्रियेत येते ती धर्मपदस्थांनी करू नये असे त्या परिषदेने ठरविले. रुग्ण दगावला तर रक्ताचा दोष वेदीपाशी उभ्या राहणाऱ्या हातांना लागू नये, ही त्यामागची भावना. सिस्टरांच्या बाबतीत ब्रह्मचर्यव्रताच्या मर्यादेचा विचार त्यात मिसळला. आज आपण त्याला हसू नये. ज्यांनी हे नियम केले त्यांना व्रताची बूज राखायची होती. परंतु नियम करणाऱ्यांपैकी कोणी अडलेल्या बाईचा आक्रोश भिंतीपलीकडून रात्रभर ऐकला होता काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

तो आक्रोश ऐकणारी आणि त्याचे गाऱ्हाणे रोमच्या दारापर्यंत नेणारी स्त्री जन्माने कॅथलिक नव्हती. डॉ. अ‍ॅग्नेस मॅक्लारन यांचा जन्म १८३७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडील डंकन मॅक्लारन त्या शहराचे नगराध्यक्ष आणि पुढे पार्लमेंटचे सभासद. घरात स्त्रियांच्या मताधिकाराची चर्चा जेवणाच्या टेबलावर चाले. १८६९ साली सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सोबतिणींनी एडिंबरो विद्यापीठात वैद्यकीचे शिक्षण सुरू केले, तेव्हा अ‍ॅग्नेस त्यांच्या पाठीशी उभ्या होत्या. त्या विद्यार्थिनींवर चिखलफेक झाली आणि अखेर विद्यापीठाने त्यांना पदवी नाकारली. त्यांच्यापैकीच एक, डॉ. एडिथ पेची, १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या आणि स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालविलेले कामा इस्पितळ १८८६ मध्ये उभे राहिले तेव्हा त्याची धुरा त्यांनी सांभाळली. आपल्या आनंदीबाई जोशी त्याच वर्षी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतल्या. चौदाव्या वर्षी झालेले पहिले मूल दहा दिवसांत गमावलेल्या या मुलीने पदवीसाठी प्रबंधाचा विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. एडिंबरोची गोष्ट आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही.

ब्रिटनमधील विद्यापीठांची दारे बंद असल्याने अ‍ॅग्नेस फ्रान्समध्ये माँपेलियेला गेल्या आणि १८७८ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. पुढे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान येथे त्यांनी व्यवसाय केला. १८९८ साली, एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. ज्या वयात माणसे हिशेब मिटवायला घेतात त्या वयात या बाईंनी नवे खाते उघडले. उत्तर पंजाबात काम करणाऱ्या मिल हिल संस्थेच्या मिशनरींकडून त्यांना तेथील स्त्रियांची दशा समजली. पडद्याआडच्या स्त्रीला परपुरुषाने तपासणे घरच्यांना मान्य नव्हते. स्त्री-डॉक्टर जवळपास नव्हती. मूल आडवे आले की आई आणि मूल दोघांचीही वाट संपलेली असे. अ‍ॅग्नेसबाईंनी लंडनमध्ये समिती स्थापून पैसा गोळा केला आणि रावळपिंडीत स्त्रिया व मुलांसाठी संत कॅथरिनच्या नावाचे इस्पितळ उभे राहिले. ते पाहण्यासाठी सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी हिंदुस्थानचा प्रवासही केला.

इस्पितळ झाले, खाटा आल्या, औषधे आली. व्यवस्था पाहण्यास मरियेच्या फ्रान्सिस्कन मिशनरी सिस्टर आल्या. अडचण उरली ती एकच, पण ती मूळची होती. सिस्टर तेथेच राहणार होत्या, त्यांना भाषा येऊ लागली होती, बायका त्यांच्यावर विश्वास टाकत होत्या. पण बाळंतपण त्यांनी करायचे नाही. ते करू शकणारी प्रापंचिक स्त्री-डॉक्टर शोधून आणावी लागे आणि आणलेली टिकेलच याचा भरवसा नसे. ज्यांना राहायचे होते त्यांना हात लावण्याची मुभा नव्हती. डॉ. मॅक्लारन यांनी हे गाऱ्हाणे घेऊन रोमच्या पाच वाऱ्या केल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. प्रत्येक वेळी आदराने ऐकून घेतले गेले आणि प्रत्येक वेळी त्या रिकाम्या हातांनी परतल्या. त्यांनी वर्तमानपत्रातून रोमवर टीका केली नाही आणि विनंतीही सोडली नाही. १७ एप्रिल १९१३ रोजी त्या फ्रान्समध्ये निवर्तल्या. त्यांच्या हयातीत कायद्याचा काना-मात्राही हलला नव्हता.

त्यांनी एक मात्र केले होते. त्या पत्रे लिहीत होत्या आणि आपल्या कामाची माहिती जाईल तेथे पोचवीत होत्या. त्यातून दोन तरुणी हाती लागल्या. दोघींपैकी कोणालाही त्यांनी प्रत्यक्ष पाहिले नाही.

पहिली ऑस्ट्रेलियाची. मेरी ग्लोरी यांनी १९१० साली मेलबर्न विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेतली होती. शहरात त्यांचा जम बसला होता. १९१५ साली डॉ. मॅक्लारन यांच्या कार्यावरील एक छोटी पुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि त्यांचा मार्ग बदलला. पुढच्याच वर्षी मेलबर्नमधील कॅथलिक स्त्रियांच्या सामाजिक संघटनेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. सभा चालविणे, मतभेद मिटविणे, अर्ज लिहिणे हे सारे त्या तेथे शिकल्या. प्रसूतिशास्त्र आणि स्त्रीरोग या विषयांसह वरची पदवी त्यांनी १९१९ मध्ये घेतली आणि १९२० च्या फेब्रुवारीत त्या आंध्रातील गुंटूरला उतरल्या. तेथे त्या येशू-मरिया-योसेफ या डच संस्थेत दाखल झाल्या. पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी सिस्टर असूनही वैद्यकी करण्याची परवानगी त्यांना दिली. ती त्यांच्यापुरती होती. कायदा होता तेथेच होता. त्यातून एका स्त्रीला वाट दिली गेली, एवढेच.

दुसरी ऑस्ट्रियाची. अ‍ॅना डेंगल हिचा जन्म १८९२ साली टिरोलच्या डोंगराळ प्रदेशातील स्टेग या खेड्यात झाला. आई लहानपणीच गेली. फ्रान्समधील लिआँ शहरात ती जर्मन शिकवीत असताना डॉ. मॅक्लारन यांचे आवाहन तिच्या कानी आले. तिने त्यांना पत्र लिहिले, त्यांचे उत्तर आले. ब्रिटिश हिंदुस्थानात वैद्यकी करायची तर पदवी तिकडचीच हवी, म्हणून तिने आयर्लंडमधील कॉर्क येथे शिकायचे ठरले. भेट होण्याआधीच वृद्ध डॉक्टरबाई वारल्या. पाठोपाठ महायुद्ध पेटले. ऑस्ट्रियाची मुलगी आता ब्रिटिश अमलाखालील आयर्लंडमध्ये शत्रुराष्ट्राची नागरिक ठरली. तरीही ती १९१९ साली डॉक्टर झाली आणि १९२० मध्ये रावळपिंडीच्या संत कॅथरिन इस्पितळात हजर झाली. योगायोग असा, की एकाच मृत स्त्रीने बोलावलेल्या या दोघी एकाच वर्षी आपल्या देशात आल्या.

रावळपिंडीत अ‍ॅनाने सुमारे चार वर्षे काढली. तिच्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की एक डॉक्टर कितीही राबली तरी दाराबाहेरची रांग सरत नाही. आणि ती डॉक्टर आजारी पडली, थकली किंवा मायदेशी गेली की रांग तशीच उभी राहते. तिला मनापासून व्रतस्थ जीवन हवे होते. पण सिस्टर व्हायचे म्हणजे नेमके हेच काम सोडायचे! ही कोंडी घेऊन ती परत गेली. इन्सब्रुक येथे आध्यात्मिक साधनेसाठी बसली असता एका येशूसंघीय धर्मगुरूने तिला सांगितले, की जी संस्था तुला हवी आहे ती अस्तित्वात नसेल तर ती तूच सुरू कर. असा सल्ला देणारे धर्मगुरू आजही फार नाहीत. आपण बहुधा ‘थोडे थांबून पाहा’ असे सांगतो. मीही अनेकांना तसेच सांगितले आहे.

१९२४ मध्ये अ‍ॅना अमेरिकेस गेली. होली क्रॉस संस्थेचे फादर मायकल मॅथिस यांची तिला मदत झाली, बाल्टिमोरच्या महागुरुस्वामींची परवानगी मिळाली आणि ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे चार स्त्रियांनी एका घरात संसार थाटला. दोघी डॉक्टर, दोघी परिचारिका. या संस्थेला आपण मेडिकल मिशन सिस्टर्स म्हणून ओळखतो. त्या वेळी मात्र त्या कायद्याच्या दृष्टीने सिस्टर नव्हत्याच. जाहीर व्रते घेतली असती तर बाळंतपणे सोडावी लागली असती. म्हणून त्यांनी व्रतांवाचून सिस्टरांसारखे जीवन जगण्याचे पत्करले. मठाची शिस्त, प्रार्थना, दारिद्र्य सारे होते. नाव आणि मान तेवढा नव्हता. याला कोणी पळवाट म्हणेल. मला ती मोठ्या संयमाची वाट वाटते. अकरा वर्षे त्यांनी कायदा मोडला नाही आणि कामही थांबविले नाही. रावळपिंडीत त्यांचे स्वतःचे होली फॅमिली इस्पितळ याच काळात सुरू झाले. मदर अ‍ॅना गावोगाव भाषणे देत, लेख लिहीत आणि रोमला माहिती पुरवीत. वाद घालण्यापेक्षा प्रसूतीच्या खोलीत काय घडते ते जसेच्या तसे मांडावे, ही त्यांची रीत.

११ फेब्रुवारी १९३६ रोजी, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, पोप अकरावे पायस यांच्या कारकिर्दीत, मिशनकार्य पाहणाऱ्या रोमच्या खात्याने ‘कॉन्स्टान्स आक सेदुला’ या नावाने ओळखली जाणारी सूचना प्रसृत केली. मिशन-प्रदेशांतील माता आणि बालके यांच्या जिवाची काळजी हा तिचा विषय. या कामाला वाहून घेणाऱ्या स्त्रियांच्या नव्या धर्मसंस्था निघाव्यात, सिस्टरांनी डॉक्टर अथवा परिचारिका म्हणून रीतसर पदव्या व प्रमाणपत्रे मिळवावीत, आणि त्याचबरोबर या कामासाठी त्यांची आध्यात्मिक तयारीही व्हावी, असे तिच्यात म्हटले होते. जिथे मनाई होती तिथे आता नुसती परवानगी नव्हती, निमंत्रण होते. अ‍ॅग्नेसबाईंना जाऊन तेवीस वर्षे होत आली होती.

या तेवीस वर्षांत किती आया गेल्या याची नोंद कोणत्याही वहीत नाही. धर्मगुरू म्हणून हे वाक्य लिहिताना हात जड होतो. ख्रिस्तसभेचा कायदा बदलला याचा आनंद सांगायचा, तर तो उशिरा बदलला हेही सांगितले पाहिजे.

परवानगी मिळाली म्हणजे काम आले असे होत नाही. उंबरठा ओलांडला तरी खोलीत गेल्यावर काय करायचे, हे शिकावे लागते. नेतृत्व हा शब्द आपण व्यासपीठासाठी राखून ठेवला आहे. बाळंतपणाच्या खोलीत त्याचा अर्थ फार वेगळा आहे. तेथे सारे सुरळीत असेल तर हात आवरून वाट पाहायची असते, आणि बिघडते आहे असे दिसताच क्षणही न दवडता पुढचे पाऊल टाकायचे असते. थांबण्याची वेळ कुठे संपली आणि धावण्याची कुठे सुरू झाली, हे ठरविणारी व्यक्ती त्या खोलीत एकच असते. शिवाय तिला आपल्या विद्येची सीमा ठाऊक असावी लागते. घाबरलेल्या सासूला, चिडलेल्या नवऱ्याला आणि झोपेतून उठवलेल्या डॉक्टरला एकाच वेळी आपले म्हणणे पटवावे लागते.

हे सारे शिकविता येते, हे मदर अ‍ॅनांच्या सिस्टरांनी अमेरिकेत दाखवून दिले. न्यू मेक्सिको राज्यातील सांता फे परिसरात स्पॅनिश बोलणाऱ्या गरीब कुटुंबांत बालमृत्यू फार होते. तेथे १९४० च्या दशकात या सिस्टरांनी कॅथलिक मॅटर्निटी इन्स्टिट्यूट ही संस्था काढली. प्रथम त्या स्वतः न्यूयॉर्कला जाऊन परिचारिका-सुईण होण्याचे शिक्षण घेऊन आल्या. मग मातीच्या विटांच्या घरांत जाऊन बाळंतपणे करू लागल्या. १९४५ मध्ये त्यांनी तेथेच शाळा सुरू केली आणि वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाशी ती जोडली. या विषयात पदव्युत्तर पदवी देणारी अमेरिकेतील पहिली व्यवस्था ती हीच. सुईणपणाला विद्यापीठाची पायरी चढविली ती सिस्टरांनी. त्या शाळेच्या धुरीण सिस्टर थिओफेन शूमेकर १९५७ मध्ये अमेरिकेतील परिचारिका-सुइणींच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. संघटनेच्या इतिहासातील त्या दुसऱ्या अध्यक्षा. एकवीस वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांना बाळंतिणीच्या खोलीत मज्जाव होता त्यांच्यातलीच एक आता देशभरच्या सुइणींची पुढारी होती. ही शाळा १९६९ पर्यंत चालली. तिच्या विद्यार्थिनींनी पुढे इतरांना शिकविले.

गुंटूरला सिस्टर मेरी ग्लोरी यांनीही, कुठलाही गाजावाजा न करता, हेच केले. आपण एकट्या पुरे पडणार नाही हे ओळखून त्यांनी स्थानिक मुलींना औषधे देण्याचे, शुश्रूषेचे आणि सुईणपणाचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. १९४३ साली त्यांच्या पुढाकाराने देशातील कॅथलिक इस्पितळांची संघटना स्थापन झाली. आज देशभरच्या लहानमोठ्या दवाखान्यांचे ते जाळे आहे. मेलबर्नमध्ये सभा चालविण्याचा झालेला सराव असा वीस-पंचवीस वर्षांनी कामी आला. १९५७ मध्ये त्या बंगळुरूला मरण पावल्या. मदर अ‍ॅना १९६७ पर्यंत आपल्या संस्थेच्या प्रमुखपदी होत्या. त्यांचे निधन रोममध्ये झाले, १७ एप्रिल १९८० रोजी; म्हणजे ज्या तारखेला डॉ. मॅक्लारन गेल्या त्याच तारखेला. व्हॅटिकनच्या भिंतीला लागून असलेल्या जर्मन दफनभूमीत त्यांची कबर आहे. पाच वेळा रिकाम्या हातांनी परतलेल्या बाईंची मानसकन्या संत पेत्राच्या मंदिराच्या सावलीत विसावली आहे.

आपल्या देशाची आजची स्थिती थोडक्यात सांगतो. २०१८ ते २०२० या काळात भारतात लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या. महाराष्ट्रात ३३ आणि केरळात १९. पूर्वीच्या मानाने हे आकडे खूपच खाली आले आहेत. २०१८ साली केंद्र सरकारने सुईणसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि परिचारिकांना दीड वर्षाचे जादा शिक्षण देऊन स्वतंत्रपणे प्रसूती सांभाळणाऱ्या सुइणी तयार करण्याचे ठरविले. आपल्याकडे परिचारिकेच्या प्रमाणपत्रावर सुईणपणाचा उल्लेख कितीतरी वर्षे आहे. पण निर्णय घेण्याची मुभा तिला क्वचितच मिळते. धर्मग्रामातील ज्या मुली या शिक्षणाला जातात त्यांच्याकडून मी हे अनेकदा ऐकले आहे.

निर्णय म्हणजे काय, हे मी स्वतः एकदा पाहिले. नवा धर्मगुरू असताना तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील एका आदिवासी मिशनवर माझी नेमणूक झाली होती. तेथील दवाखान्यात केरळच्या एक सिस्टर होत्या. त्यांचे मराठी मल्याळी वळणाचे, पण पाड्यावरच्या बायका त्यांच्याशी घरच्यासारख्या बोलत. दोन खाटांची खोली, एक कंदील, आणि मदतीला पाड्यावरचीच नववीपर्यंत शिकलेली एक मुलगी. श्रावणातल्या एका रात्री पहिलटकरीण आणली गेली. जीप फक्त माझ्याकडे असल्याने मी व्हरांड्यात जपमाळ घेऊन बसलो.

आत भिंतीवर एक चौकटींचा कागद डकवलेला होता. गर्भाशयाचे तोंड तासागणिक किती उघडले ते त्यावर टिंबांनी मांडायचे. कागदावर दोन तिरक्या रेघा होत्या. पहिली सावधानतेची, तिच्या उजवीकडे चार तासांच्या अंतरावर दुसरी, हालचाल करण्याची. आफ्रिकेत ऱ्होडेशियामध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ मध्ये या रेघा आखल्या, त्या खास दूरच्या दवाखान्यांतील सुइणींसाठी. टिंब पहिल्या रेघेच्या उजवीकडे सरकले, की मोठ्या इस्पितळाची वाट धरण्याचा विचार सुरू करायचा. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नव्या पद्धतीचा तक्ता पुढे आणला आहे. त्या काळी हाच होता. सिस्टर टिंबे स्वतः मांडत नव्हत्या. नाडी मोजायची, बाळाचे ठोके ऐकायचे, टिंब मांडायचे, हे त्या मुलीला करायला लावीत आणि मग विचारीत, “आता काय दिसते?”

दोन वाजता सिस्टर बाहेर आल्या. “फादर, जीप तयार ठेवा.”

मी म्हटले, “सिस्टर, ओढ्याला पाणी आहे. काही तासांत उजाडेल, तोवर थांबता येणार नाही का?”

त्यांनी मला उत्तर दिले नाही. आत वळून त्या मुलीला हाक मारली आणि म्हणाल्या, “फादरना सांग, थांबता येईल का?”

मुलगी दारात आली. माझ्याकडे मान वर करून बघण्याचेही तिला धाडस नव्हते. कागद हातात घट्ट धरून ती म्हणाली, “नाही फादर. टिंब रेघेबाहेर गेलंय. बाळाचे ठोके पण कमी होऊ लागलेत.”

आम्ही निघालो. ओढा कसा ओलांडला ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. तालुक्याच्या गावी डॉक्टरांनी तो कागद दिव्याखाली धरून पाहिला, एकही प्रश्न विचारला नाही आणि बाईला थेट शस्त्रक्रियेसाठी आत घेतले. साडेपाचच्या सुमारास बाळाचे रडणे ऐकू आले. आई आणि मुलगा दोघेही वाचले.

परतताना सिस्टर जीपमध्ये गाढ झोपल्या होत्या. मिशनवर पोचल्यावर चहाही न घेता त्यांनी दवाखान्याची वही काढली. बाईचे नाव, पाडा, आल्याची वेळ, पाठविल्याची वेळ, कारण, सारे नीट लिहिले. शेवटच्या रकान्यात प्रसूतीच्या वेळी हजर असणाऱ्या सुइणीचे नाव लिहायचे होते. सिस्टरांनी वही फिरवून त्या मुलीपुढे सरकविली आणि पेन तिच्या हाती दिले.